हृदयावरचा पहारेकरी

श्रोतेहो, मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात शिकवणारा माणूस. पण आमच्या मामांच्या दुखण्याने मला या विषयात डोके घालायला लावले.

मामा शेतकरी, वय साठीच्या पुढचे. एके दिवशी बांधावरून येता येता मटकन खाली बसले. म्हणाले, "छातीत पाखरू अडकल्यागत फडफडतंय रे!" एसटीने तालुक्याला नेईपर्यंत दोन तास गेले आणि पाखरू उडून गेले. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तर तो अगदी निर्दोष! असे तीनदा झाले. मग घरचेच म्हणू लागले, "मामांच्या मनाचे खेळ आहेत." दुखण्यापेक्षा हे बोलणेच मामांना जास्त लागले.

खरे पाहता मामाही खोटे बोलत नव्हते आणि डॉक्टरही चुकले नव्हते. हृदयाचे दिवसाकाठी सुमारे १ लाख ठोके पडतात. दवाखान्यातील आलेखात त्यांपैकी जेमतेम दहाबारा सेकंदांचे ठोके उतरतात. चोर यायचा रात्री दोनला आणि पोलीसपाटलाची फेरी दुपारी बाराला. चोर सापडावा कसा? पहारा हवा तो रात्रंदिवस.

प्रत्येक ठोक्याबरोबर हृदयातून विजेची एक बारीक लहर निघते. कातडीपर्यंत येईतो तिचा जोर एका व्होल्टाच्या हजाराव्या भागाइतकाच उरतो. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील विलेम आइंटहोवेन यांनी ती अचूक टिपली. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि रोग्याला हात व पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावे लागे! या कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी चालत्याफिरत्या माणसाचा आलेख काढला. पण त्यासाठी पाठीवर सुमारे ३८ किलोंचे ओझे घ्यावे लागे. मग ते यंत्र कमरेला अडकवण्याइतके लहान झाले. तरी छातीवर लोंबणाऱ्या तारा काही सुटल्या नाहीत.

अडचण कोठे होती? माणसाची कातडी ताणते, सुरकुतते, घामेजते. विजेच्या सूक्ष्म उपकरणांत वापरतात ते सिलिकॉन मात्र काचेसारखे ठिसूळ. यावरची युक्ती आपल्या बुरडाला ठाऊक आहे. अख्खा बांबू वाकत नाही. त्याच्या पातळ कामट्या काढल्या की हवी तशी टोपली विणता येते. जाडी दहा पटींनी कमी केली, की वाकवायला लागणारा जोर हजार पटींनी कमी होतो! म्हणून सिलिकॉनचे अतिशय पातळ पापुद्रे केले आणि तारा घाटातल्या रस्त्यासारख्या नागमोडी ठेवल्या. कातडी ताणली की वळणे उलगडतात, तार तुटत नाही. असे कातडीला चिकटणारे उपकरण अमेरिकेत जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली जगापुढे मांडले. २०१७ साली टोकियोत ताकाओ सोमेया यांच्या गटाने सोन्याची अशी तलम जाळी केली, की तिच्यातून घाम व हवा जाऊ शकते.

ही जाळी अजून प्रयोगशाळेच्या अंगणातच आहे. दवाखान्यातून मिळते ती पट्टी साधी असते. ती छातीच्या डाव्या बाजूला चिकटवतात आणि काही पट्ट्या १४ दिवसांपर्यंत नोंद ठेवतात. मामांना अशीच एक पट्टी लावली. नवव्या रात्री चोर सापडला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत होते. अशा वेळी तेथे रक्त साकळून गाठ होऊ शकते. ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात! डॉक्टरांनी गाठी न होण्याचे औषध सुरू केले. मामा एवढेच म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो तर!"

तरीपण एक इशारा. २०१९ साली अमेरिकेत मनगटी घड्याळाची सुमारे ४ लाख १९ हजार लोकांवरील पाहणी प्रसिद्ध झाली. घड्याळाने शेकडा अर्ध्या लोकांनाच अनियमित ठोक्यांची सूचना दिली. त्यांपैकी ज्यांनी नंतर पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यात सुमारे एकतृतीयांश लोकांनाच पट्टीवर हा विकार आढळला. बाकीच्यांत तो नव्हताच असे नव्हे. येऊनजाऊन असणारे दुखणे हे! म्हणून उपकरणाची हाक म्हणजे निदान नव्हे आणि त्याचे मौन म्हणजे अभयदान नव्हे. मुख्य म्हणजे अशी पट्टी किंवा घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी नसते. छातीत कळ आली, ती हातात वा जबड्यात गेली, दरदरून घाम सुटला, तर घड्याळ बघत बसू नका. १०८ क्रमांक फिरवा आणि दवाखाना गाठा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुलांना मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजायला शिकवा. मोठ्या माणसाच्या नाडीचे ठोके बसल्या जागी सामान्यतः ६० ते १०० असतात. ते किती पडले हे तर पाहावेच. पण त्यांची लय सारखी आहे की अडखळती, हेही पाहावे. मुले घरी जाऊन आजीआजोबांचा हात हाती घेतील. आणि घरातले वडीलधारे माणूस "छातीत फडफडतंय" म्हणाले, तर निदान त्याला कोणी वेड्यात काढणार नाही.