लोखंडातला जगरा

रोडगे भाजणाऱ्याला जाळाचं कौतुक नसतं. तो जाळ ओसरण्याची वाट पाहत बसलेला असतो. यवतमाळ जिल्ह्यात काय आणि उरलेल्या वऱ्हाडात काय, शेतातल्या रोडग्यांच्या जेवणासाठी गोवऱ्यांचा जगरा पेटवतात, ज्वाळा बसल्या की निखारे पसरतात आणि जाडसर कणकेचे गोळे त्यात दडपून देतात. पुढचं काम राख करते. गोवरीला राख भरपूर सुटते, ती निखाऱ्यावर पांघरुणासारखी बसते, हवा बेताने लागू देते आणि आच बराच वेळ एकसारखी ठेवते. अमेरिकेत, विशेषतः टेक्ससमध्ये, ट्रेलरवर बसवलेला एक लोखंडी गाडा असतो. त्याला स्मोकर म्हणतात आणि त्यात मांस आठ-दहा, कधी चौदा-पंधरा तास मंद आचेवर धुरावतात. बघणाऱ्याला ती चाकांवरची भलीमोठी चूल वाटते. माझ्या मते तो लोखंडात बांधलेला जगराच आहे, फक्त राखेचं काम तिथे दार आणि धुराडं करतात. म्हणूनच यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात तो घडवायचा ठरला, तर कारागिराने चूल डोळ्यांसमोर ठेवली की गाडा बिघडलाच म्हणून समजा.

गाड्याची रचना तशी साधी. एक आडवं मोठं नळकांडं, त्यात जाळी, जाळीवर मांस. त्याच्या एका टोकाला, थोडी खाली, वेगळी अग्निपेटी. पेटीला हवा घेणारं सरकतं दार आणि नळकांड्याच्या दुसऱ्या टोकाला धुराडं. लाकूड पेटीत जळतं, गरम हवा आणि धूर आडवे वाहत मांसावरून जातात आणि धुराड्यातून बाहेर पडतात. मांसाखाली विस्तव नसतोच, आणि सगळी गंमत याच अंतरात आहे. आतली हवा १०५ ते १२० अंश सेल्सियसला राखायची, म्हणजे उकळत्या पाण्याच्या थोडी वर. ओढ नीट असेल तर धुराड्यातून पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा धूर येतो. हवा कोंडली की लाकूड घुसमटतं, दाट पांढरा धूर निघतो आणि मांस कडवट होतं. नवशिका इथेच फसतो. धुराचं यंत्र आहे म्हणून धूर जास्त हवा असं त्याला वाटतं, आणि तो दार लावून घेतो. प्रत्यक्षात आग लहान पण मोकळी ठेवायची असते. अग्निपेटीचं आकारमान मुख्य नळकांड्याच्या साधारण एक तृतीयांश असावं, असा बनवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. धुराडं जाळीच्या पातळीवरून निघालं तर गरम हवा वरच्या वर पळून जात नाही. पेटीजवळचं टोक नेहमीच जास्त तापतं, म्हणून तिथे जाळीखाली आडवा जाड पत्रा घालतात. उष्णतामापकही झाकणाच्या माथ्यावर बसवून उपयोग नाही. तो मांसाच्या उंचीवर हवा, नाहीतर वर साठलेल्या हवेचा आकडा वाचून फसगत होते.

आता लोखंडाचं. आपल्याकडे कोणीही पहिल्यांदा सुचवेल तो २०० लिटरचा ड्रम. बिजागऱ्या लावून उभा चिरला की झालं, असं वाटतं. या ड्रमचा पत्रा असतो जेमतेम एक मिलिमीटरचा. ड्रमचा पृष्ठभाग सुमारे दोन चौरस मीटर धरला तर वजन सोळा-सतरा किलो भरतं. तेवढंच भांडं सहा मिलिमीटरच्या पत्र्याचं केलं तर ते शंभर किलोच्या घरात जातं. हा फरक म्हणजे उष्णतेची साठवण. जाड लोखंड एकदा तापलं की झाकण उघडलं, वारा सुटला, लाकूड टाकायला उशीर झाला, तरी आतलं तापमान एकदम कोसळत नाही. जगऱ्यात हे काम राखेचा थर आणि खालची तापलेली जमीन करते. ह्यूस्टनच्या वेल्डरांनी तेलउद्योगातल्या उरलेल्या जाड पाइपांचे स्मोकर केले ते पाइप स्वस्तात मिळाले म्हणून, पण ती जाडी नेमकी कामाची ठरली. ड्रमच करायचा असेल तर निदान अग्निपेटी तरी जाड पत्र्याची हवी, कारण पातळ पेटी थोड्याच दिवसांत जळून तिला भोकं पडतात.

ड्रमविषयी यवतमाळात आणखी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. ज्या भागात औषधाच्या रिकाम्या डब्याचं भय इतकं खरं आहे, तिथे कीटकनाशकाचा किंवा कोणत्याही अनोळखी रसायनाचा ड्रम अन्नासाठी वापरणं हा निव्वळ अविचार. जाळून साफ केला, हे उत्तर पुरेसं नाही. खाद्यतेलाचा ड्रमही आतला लेप आणि बाहेरचा रंग पूर्ण जाळून, घासूनच घ्यावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. गॅसचं सिलिंडर कापायचं तर नावही काढू नये. ते कंपनीच्या मालकीचं असतं आणि आत उरलेला वायू कापणाऱ्याचा जीव घेऊ शकतो.

या गाड्यावर सरळ आक्षेप असा की जगरा फुकट होतो, मग एवढ्या लोखंडाचा खटाटोप कशाला? रोडग्यांसाठी नकोच. कणकेला तास-दीड तास पुरतो, तेवढं जगरा उत्तम करतो. प्रश्न मांसाचा आहे, आणि तोही सगळ्या मांसाचा नाही. टेक्ससमध्ये गाईबैलाच्या छातीचा जाड तुकडा धुरावतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे तो नमुना इथे लागू नाही. आपल्याकडे बोकड. कंदुरीच्या जेवणात बोकड रश्शात शिजतो, आणि ते योग्यच आहे, कारण बोकडाच्या अंगात चरबी कमी. धुराच्या गाड्यात त्याच्या पाठीचं कोवळं मांस घातलं तर वाळून जाईल. पण फरा आणि नळीचा भाग चिवट असतो, कारण तिथे कोलॅजन जास्त. हे चिवट प्रथिन मंद उष्णतेत तासन्‌तास राहिलं की जिलेटीन होऊन विरघळतं आणि मांस हाडावरून सुटतं. मधे एक टप्पा येतो. मांस आतून ६५-७० अंशांवर पोचतं आणि काही तास तिथेच अडतं. पृष्ठभागावरचं पाणी उडताना त्याला थंड ठेवतं, माठातल्या पाण्यासारखं. अनुभव नसलेला माणूस या वेळी आग वाढवतो आणि दिवसभराची मेहनत घालवतो. इतका वेळ एकसारखी आच राखणं जगऱ्याला जमत नाही. लोखंडाची गरज एवढ्यापुरतीच.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. चुलीच्या धुरापासून बायकांची सुटका व्हावी म्हणून इतकी वर्षं सांगितलं, आता धूर मुद्दाम खायचा का? धुरात घातक द्रव्यं असतात हे खरंच. पण ती मांसात जास्त उतरतात ती चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकून तिचा धूर परत मांसावर बसतो तेव्हा, आणि स्मोकरमध्ये विस्तव बाजूला असल्याने चरबी उताराने वेगळ्या नळीतून बाहेर काढता येते. बंद स्वयंपाकघरात रोज दोनदा धूर घेणं आणि उघड्यावर वर्षातून चार वेळा खाणं यांतही फरक आहे. त्याने धूर निर्दोष होत नाही, हेही कबूल. म्हणून इंधन काटेकोर हवं. घरोघरी चुलीला लागणारी कपाशीची पऱ्हाटी इथे चालत नाही. ती भडकन पेटते, निखारा धरत नाही, आणि तिच्यावर हंगामभराची फवारणी झालेली असते. वणीच्या खाणीतला दगडी कोळसा तर मुळीच नको, त्याचा गंधक आणि डांबर अन्नात जाईल. बाभूळ चांगली. जड, सावकाश जळणारी, भरपूर निखारा देणारी. मात्र फोडून काही महिने उन्हात वाळवलेली हवी, ओली बाभूळ पांढराच धूर देते.

राहिली चाकं. वर्षातून चार जेवणांसाठी एकट्याने शे-दोनशे किलोचं यंत्र बाळगणं परवडत नाही. सोयाबीनचं मळणी यंत्र ट्रॅक्टरमागे शेतोशेती फिरतं आणि भाड्यावर आपला खर्च काढतं. धुराच्या गाड्यालाही तोच मार्ग आहे. पण मग गाडा वाहन ठरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे नोंदणीचं वाहन आहे, घरी वेल्डिंग केलं म्हणून सूट नाही. बांधणीतही एक अडचण लपलेली आहे. जाड अग्निपेटी मागच्या टोकाला असते, त्यामुळे वजन मागे झुकतं आणि जोडदांडा उचलू लागतो. एक्सल मागे सरकवून एकूण वजनाचा दहा-पंधरा टक्के भार दांड्यावर येईल असं बसवावं, नाहीतर गाडा रस्त्यावर नागमोडी डुलतो. आणि निघण्याआधी पेटी रिकामी. राख पाण्याने विझवून, हाताला गार लागेपर्यंत थांबून धुऱ्यावर खड्ड्यात पुरायची, पेटीचं दार आणि नळकांड्याचं झाकण घट्ट लावायचं. कारण परतीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी वाळलेल्या पऱ्हाटीचे ढीग आणि वेचून ठेवलेला कापूस असतो.