दूरवरून सोनोग्राफी

सोनोग्राफीत प्रोब त्वचेवर टेकवून कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात. परतणाऱ्या प्रतिध्वनींतून पडद्यावर चित्र उमटते. चित्राचा दर्जा तपासणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. प्रोब किंचित जरी कलला, तरी दिसणारा छेद बदलतो. त्यामुळे नुसते यंत्र पाठवून दुर्गम गावाची गरज भागत नाही. तिथे कुशल हातही पोहोचावा लागतो.

फ्रान्समध्ये विकसित झालेल्या ‘मेलडी’ प्रणालीत रुग्णाजवळचा साहाय्यक यांत्रिक हाताची चौकट शरीरावर धरतो. दूरच्या शहरात बसलेला तज्ज्ञ नकली प्रोब फिरवतो आणि खरा प्रोब तसाच कलतो, वळतो. चौकट कुठे सरकवायची, हे तज्ज्ञ व्हिडिओवरून सांगतो. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातील ला लोश या दुर्गम गावात गर्भवतींच्या तपासणीसाठी ही पद्धत वापरली गेली. एरवी अशा तपासणीसाठी तिथल्या स्त्रियांना शेकडो किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. या तंत्राचे सर्वांत मोठे मोल इथेच आहे. अशाच दूरनियंत्रित तंत्राने २०२० मध्ये चीनमधील वुहानच्या काही कोविड रुग्णांची तपासणी हांगझोउमधील डॉक्टरांनी ५जी जाळ्यावरून केली.

प्रोबचा दाब मोजणारे संवेदक सुरक्षिततेसाठी महत्त्वाचे ठरतात. संपर्कात विलंब झाल्यास मात्र नियंत्रण अवघड होते. निदान अजूनही डॉक्टरच करतात.