पाबळ ते दौंड : फुकटच्या प्रोग्रामची चाळीस वर्षं

1983 च्या 27 सप्टेंबरला अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. कुणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी आणि पुढे द्यावी अशी संपूर्ण संगणकप्रणाली उभी करायची, हा त्यांचा संकल्प. त्याच वर्षी हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून आलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. या दोघांना एकमेकांची खबरही नसावी. पण शिरूर-दौंड पट्ट्यात प्रोग्रामिंगची कामं करताना कशाचे पैसे घ्यायचे आणि काय तसंच द्यायचं, हा प्रश्न जेव्हा जेव्हा समोर आला, तेव्हा मला हे दोघंच आठवत आले आहेत.

पाबळ दुष्काळी गाव. शाळेत न रमलेली, शाळा सुटलेली मुलं घेऊन कलबागांनी वेल्डिंग, वायरिंग, शेती, जनावरं, घर-आरोग्य असं सगळं एकाच वर्षात हाताने करायला लावलं. शिक्षण गावाची कामं करण्यातूनच व्हायचं. जमिनीची विद्युतरोधकता मोजून विहिरीची जागा सुचवणं, डोम उभारणं, मोडलेलं दुरुस्त करणं. आणि या सेवेचं मोल घेतलं जायचं. माझ्या मते पाबळच्या पद्धतीचा गाभा इथेच आहे. मुलाने बनवलेल्या फाटकाचे पैसे मोजलेला शेतकरी कडी बसत नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभा राहतो, आणि त्या तक्रारीतून मुलगा खरं वेल्डिंग शिकतो. फुकट मिळालेल्या फाटकाबद्दल कुणी बोलत नाही, दोरीने बांधून ठेवतात. स्टॉलमनही पैशाच्या विरोधात नव्हतेच. 1985 साली ते आपल्या ईमॅक्स या एडिटरची टेप 150 डॉलरला विकत होते. प्रोग्राम मोकळा होता, टेप पाठवण्याची मेहनत मोकळी नव्हती.

आमच्याकडे संगणक आला तो पतसंस्था, कारखान्यांची ऑफिसं आणि दूध डेअऱ्यांतून. डॉस, फॉक्सप्रो, ठिपक्यांचा प्रिंटर. पुण्याची एखादी कंपनी प्रोग्राम बसवायची आणि वर्षाच्या देखभालीचे पैसे, म्हणजे एएमसी, घ्यायची. ती एएमसी संचालकांना नेहमीच खुपायची. 2001 मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झालं, त्यांच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाचे वर्ग गावोगाव निघाले, पुढे दौंडहून शटलने पुण्याला जाणारी इंजिनिअर मुलं घरोघरी दिसू लागली आणि संस्थांच्या सभेत एक वाक्य ठरलेलं झालं, "आपल्या अमक्याचा पोरगा कॉम्प्युटरला आहे, तो करून देईल की."

पोरगा करूनही देतो, मनापासून. दोन-तीन रविवार बसतो आणि चांगला प्रोग्राम लिहितो. पण डेअरीचा हिशेब थांबत नाही. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांवरून लिटरचा दर ठरतो, त्या दराचा तक्ता दूध संघ मध्येच बदलतो आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगार काढायचा असतो. तक्ता रात्री बदलला की पहाटेच्या संकलनाला नवा दर लागलाच पाहिजे. त्या वेळी पोरगा हिंजवडीत कंपनीच्या कामात अडकलेला असतो, आणि त्याला जाब विचारायचा हक्क कुणालाच नसतो. पगार अडला की पेंडेची उधारी अडते. यात मुलाचा दोष नाही. त्याने प्रोग्राम दिला होता, पुढची सगळी वर्षं दिली नव्हती. मला राग येतो तो एएमसीचे पैसे वाचवले म्हणून टाळ्या घेणाऱ्यांचा, कारण त्या बचतीची जोखीम दूध घालणाऱ्यांवर पडते.

मग फुकटचं काम टिकतच नाही का? टिकतं, आणि त्याचा उत्तम दाखला जिल्हा परिषदेच्या शाळांनी दिला. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक-संकलित नोंदींच्या रकान्यांनी शिक्षकांच्या संध्याकाळी खाल्ल्या. तेव्हा राज्यभरातल्या शिक्षकांनी निकालाच्या एक्सेल फाइली बनवल्या आणि एकमेकांना मोफत दिल्या. एकाची बेरीज चुकली तर दुसरा कळवायचा, तिसरा नवा नमुना घालून परत फिरवायचा. इथे करणारा स्वतःच वापरणारा होता. नमुना बदलला की त्यालाही पहिल्यांदा स्वतःसाठीच दुरुस्ती करावी लागे, म्हणून ती होत राहिली. डेअरीच्या पोराला स्वतःचा दूधपगार काढायचा नव्हता. फुकट आणि विकत यांतला फरक मला तरी इथेच सापडला आहे.

जगातही डेअरीसारखंच घडलं. 2014 मध्ये हार्टब्लीड नावाची गंभीर त्रुटी सापडली, तेव्हा कळलं की इंटरनेटचे निम्मेअधिक सुरक्षित व्यवहार ज्यावर चालत त्या ओपनएसएसएलची देखभाल मूठभर माणसं करत होती, आणि देणग्या वर्षाला जेमतेम 2000 डॉलर. मोठमोठ्या कंपन्यांनी त्यानंतर पैसे एकत्र केले. आधीच करायला हवे होते.

इकडे पाबळला 2002 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू घडवायची कार्यशाळा, आली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. तिथे ज्या गरजांवर काम सुरू झालं त्यांत दुधाची प्रत मोजणं होतं आणि डिझेल इंजिनाचं टायमिंग होतं, म्हणजे आमच्याच शिवारातल्या अडचणी. फॅब लॅबच्या सनदेत शोध विकायला मुभा आहे, पण इतरांना वापरून शिकण्यासाठी तो खुला राहावा अशी अपेक्षा आहे. कलबाग 2003 मध्ये गेले. आश्रम चालू आहे, मुलं येताहेत.

आमच्या पट्ट्यातल्या डेअऱ्या आणि पतसंस्थांनी आता दोन गोष्टी कराव्यात असं मला कळकळीने वाटतं. गावातल्या पोराला कामाचे पैसे द्यावेत, आणि दर बदलला त्या रात्री फोन कोण उचलणार ते करारात नावानिशी लिहून घ्यावं. त्या पोरानेही सोर्स कोड संस्थेच्या कपाटात ठेवावा. तो उद्या बंगळूरला गेला तर शिरूरच्या कॉलेजातली एखादी मुलगी तो उघडून पुढे नेईल, तिलाही त्याचे पैसे मिळावेत.