खिशात खडखडाट? चला कोचीला!

‘बजेट नाही यार’ म्हणून ट्रिप कॅन्सल करताय? थांबा! कुर्ल्याहून नेत्रावती एक्स्प्रेसच्या स्लीपरने एर्नाकुलम गाठा. तिथल्या जेट्टीवरून फोर्ट कोचीची सरकारी बोट पकडा. तिकीट दहा रुपयांच्या आत! पुढे सगळं पायीच फिरायचं. किनाऱ्यावरची चिनी जाळी बघायला तिकीट नाही. जवळच्याच सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं. अवशेष नंतर लिस्बनला नेले. मट्टनचेरीचा राजवाडा बांधला पोर्तुगीजांनी, पण दुरुस्ती डचांनी केली म्हणून नाव पडलं ‘डच पॅलेस’! शुक्रवारी मात्र तो बंद असतो. शेवटी ज्यू टाउनच्या गल्लीत रेंगाळा. ज्या मिरीसाठी हे सगळे समुद्र ओलांडून आले, तिचा वास तिथे आजही फुकट मिळतो.