पेटी फोडल्यावर

शाळांमधल्या नव्या पुस्तकांचा हंगाम खरं तर जूनमध्ये असायला हवा. प्रत्यक्षात तो मार्चमध्ये येतो. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० पासून २०,००० रुपयांपर्यंत अनुदान धरलेलं आहे. नुसत्या प्राथमिक शाळेच्या वाट्याला त्यातलं सगळ्यांत कमी येतं, म्हणजे ५,०००. कधी पैसे येतात, कधी वरून निवडलेला संचच येतो, आणि दोन्ही बहुधा आर्थिक वर्ष सरता सरता. त्यामुळे आमच्या बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात पुस्तकांची पेटी फुटते ती भर उन्हात, सकाळची शाळा सुटून मुलं घरी गेल्यावर. पेटी फोडणाऱ्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात पुस्तकं नसतात, ३१ मार्च असतो.

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ साली प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं असलेलं ग्रंथालय बंधनकारक केलं. प्राथमिक शाळेत ते सांभाळायला माणूस मात्र दिला नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे काम कुणातरी शिक्षकाच्या गळ्यात पडतं, तेही पोषण आहाराचा तांदूळ मोजून झाल्यावर. म्हणून पेटी आली की ओळखीच्या शाळांतून फोन येतो, "सर, येऊन जाता का? तेवढ्या नोंदी करायच्यात." नोंदी झाल्या की काम संपलं, अशीच सगळ्यांची समजूत.

पहिला टप्पा हमालीचा. पुस्तकं बाहेर काढायची, चलनाशी ताडून पाहायची, मग एकेक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचं. एखाद्यात सोळा पानांचा अख्खा फर्मा गळालेला असतो, एखाद्यात तोच फर्मा दोनदा बांधलेला. परत पाठवायचं ते आत्ताच. शाळेचा शिक्का बसला की पुरवठादार हात वर करतो. बांधणीही बघून घ्यायची. लहान मुलांची चित्रपुस्तकं पिना मारलेली आणि पातळ असतात, कपाटात उभी राहत नाहीत. आडवी रचली की वरचं एक सोडून बाकीची कुणाला दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वर्गात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सुतळी ताणून तीवर टांगून ठेवणं हा सगळ्यांत स्वस्त आणि मला सगळ्यांत पटलेला उपाय. जाड पुस्तकं हल्ली नुसत्या डिंकावर चिकटवलेली येतात. दोन उन्हाळे गेले की डिंक तडकतो आणि पानं सुटी होतात. शिलाई केलेलं पुस्तक पाठीकडून बघून ओळखता येतं, आणि खरेदी शाळेच्या हातात असेल तर दहा-वीस रुपये जास्त देऊन तेच घ्यावं.

मग शिक्का. शीर्षकपानावर, शेवटच्या पानावर आणि शाळेनं ठरवलेल्या एका गुप्त पानावर. आमच्या शाळेचं गुप्त पान एकविसावं. चित्रपुस्तक मुळातच सोळा पानांचं असेल तर गुप्त पान कुठलं धरायचं, यावर एका शाळेत चांगली अर्धा तास चर्चा झाली. शिक्का चित्रावर मारू नका, हे मात्र मला दरवेळी सांगावं लागतं. हत्तीच्या कपाळावर जांभळा गोल उठलेली पुस्तकं मी खूप पाहिली आहेत.

त्यानंतर दाखल नोंदवही. तारीख, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, पृष्ठं, किंमत, बिलाचा क्रमांक, असे रकाने ओळीनं भरत जायचे. शेवटचा रकाना 'शेरा'. बहुतेक शाळांमध्ये तो वर्षानुवर्षं कोरा असतो आणि मला त्याचीच काळजी वाटते. पुस्तक हरवलं, फाटलं, वाळवीनं खाल्लं, तर तसा शेरा लिहून, रीतसर मंजुरी घेऊन ते निर्लेखित करता येतं. पण हे करायला कुणी धजत नाही. बदली झाली की चार्ज द्यावा लागतो, यादीतलं प्रत्येक पुस्तक मोजून द्यावं लागतं, आणि कमी पडलं तर किंमत आपल्या खिशातून भरावी लागेल ही धास्ती. मग सोपा मार्ग उरतो. कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. पुस्तक हरवत नाही आणि कुणी वाचतही नाही.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे. वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तिथे तो तोटा वाजवी धरावा. हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मीळ पुस्तकाची चौकशी मात्र व्हायलाच हवी. हे नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरी मी ते शिक्षकांना आवर्जून सांगतो. दिल्लीतल्या हिशेबनिसांनीही पुस्तक वापरलं तर थोडं हरवणारच हे गृहीत धरलंय, एवढं कळलं तरी कुलपावरची पकड सैल होते.

वर्गीकरणावर मी फार वेळ घालवत नाही. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६. प्राथमिक शाळेच्या पेटीतली बहुतेक पुस्तकं मराठी गोष्टींची, म्हणजे ती सगळी त्या एकाच अंकाखाली जाऊन बसतात. मोठ्या ग्रंथालयाला उपयोगी असलेली ही पद्धत पहिलीतल्या पोराला काही सांगत नाही. त्यापेक्षा पाठीवर रंगीत पट्टी चिकटवावी. बंगळूरच्या हिप्पोकॅम्पस संस्थेनं हिरवा, लाल, नारिंगी, पांढरा, निळा आणि पिवळा असे वाचनाच्या पायऱ्यांचे सहा रंग ठरवले होते. आमच्या लहान शाळांना चार पुरतात. पट्टी कुठली लावायची हे ठरवण्यासाठी मात्र पुस्तक वाचावं लागतं, आणि मला सगळ्यांना याच कामाला बसवायचं असतं.

सतरंजी घालून शिक्षकांना बसवतो. प्रत्येकापुढे थोडी पुस्तकं, प्रत्येकानं मनात वाचायची, आणि आवडलेलं एक बाकीच्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. सुरुवातीला सगळे अवघडतात. एक सर मोबाईल काढतात, एक मॅडम वहीत किमती उतरवायला लागतात. थोड्या वेळानं कुणीतरी हसतं आणि मग खोली बदलते.

वरून आलेल्या संचाचं खरं रूप इथे उघडं पडतं. निम्मी चरित्रं, सगळी एकाच साच्यातली: जन्म, शिक्षण, कार्य, निधन. 'बोधकथा' असं शीर्षक आणि प्रत्येक गोष्टीखाली जाड अक्षरांत तात्पर्य. चित्रात शेतकरी धोतर-फेट्यात, औत धरलेला. आमच्या मुलांचे बाप ट्रॅक्टर चालवतात नाहीतर कोयता घेऊन कारखान्याला जातात. एका मॅडमनी असं एक पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, हे मी वाचलं तर पोरं झोपतील. त्याआधी मीच झोपेन." पुस्तकाची इतकी चोख परीक्षा मी छापील समीक्षेत क्वचित वाचली आहे.

त्याच बैठकीत माधुरी पुरंदरे यांचा 'राधाचं घर' हा संच हातोहात फिरला. घरातली माणसं, त्यांची रोजची कामं, त्यांच्या लकबी. सांगायला कथा अशी फारशी नाहीच. वाचता वाचता आजीच्या पुस्तकापाशी दुसरीच्या मॅडम थांबल्या. त्यांच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुलं आजीजवळ राहतात. "आईचं पुस्तक आधी नको वाचायला, आजीचं आधी," असं त्यांनी ठरवलं. कुठल्याही प्रशिक्षणात हे सांगितलं जात नाही, सांगता येणारही नाही. मुलं ठाऊक असलेल्या माणसानं पुस्तक वाचलं तरच असा निर्णय होतो. माझं म्हणणं एवढंच आहे. नवं पुस्तक शाळेत येतं ते चलनावर सही झाली तेव्हा नाही, तर त्या शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसानं ते वाचलं तेव्हा.

शिक्षकांचं स्वतःचं फडताळ हा निराळाच विषय. त्यात काय असतं? डी.एड.ची जुनी गाइडं, शासन निर्णयांच्या फायली, प्रशिक्षणात मिळालेल्या घटकसंचांचे गठ्ठे. मी तिथे हळूच काही पुस्तकं सरकवतो. गिजुभाई बधेका यांचं 'दिवास्वप्न', ज्यात एक शिक्षक साहेबाकडून चौथीचा वर्ग मागून घेतो आणि वर्षभर प्रयोग करतो. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान', चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या मराठी अनुवादात. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या लीलाताई पाटील यांची पुस्तकं. पालघर जिल्ह्यात काम करणाऱ्या क्वेस्ट संस्थेच्या नीलेश निमकर यांचं 'शिकता शिकविता'. आणि 'प्रिय बाई', इटलीतल्या बार्बियाना गावच्या आठ मुलांनी, शाळेनं नापास करून बाहेर काढलेल्या पोरांच्या वतीनं, बाईंना लिहिलेलं पत्र. मूळ पुस्तक १९६७ चं. हे शेवटचं सगळ्यांनाच झेपत नाही. एका सरांनी ते परत करताना फक्त इतकंच विचारलं, "हे आपल्या साहेबांनी वाचलंय का?"

यातली बहुतेक पुस्तकं जुनी आहेत, हे मला कळतं. पण त्या फडताळाला ती नवी आहेत. सगळ्यांत आधी उचललं जातं ते उद्याच्या तासाला कामी येईल असं पुस्तक, आणि त्याबद्दल शिक्षकांना नावं ठेवायचं कारण नाही. म्हणून अरविंद गुप्ता यांची पुस्तकं वर ठेवतो. आयआयटी कानपूरचा हा अभियंता १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेला, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यानं भूमिती शिकवून दाखवली. व्हॉल्व्हची नळी आमच्याकडे पंक्चरवाल्याकडे मिळते. ते पुस्तक वाचलेले सर दुसऱ्या दिवशी आगपेटी घेऊन वर्गात शिरले.

आंतरजालावरचा साठाही मोठा आहे. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट आहेत, चार पायऱ्यांत लावलेली, आणि ती छापायला, अनुवाद करायलाही परवानगी आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक वाचायला मिळतात. अडचण कागदाची. रंगीत छपाई करायला गेलं की छापील पुस्तकापेक्षा महाग पडतं. लोकवर्गणीतून घेतलेल्या टीव्हीवर पान लावलं तर वर्गभर एकत्र वाचता येतं, आणि ते छानच होतं. फक्त टीव्ही दप्तरात घालून घरी नेता येत नाही. आमच्याकडच्या एका शाळेत 'किशोर'मधल्या गोष्टी काळ्या-पांढऱ्यात छापून, पिना मारून, वर्तमानपत्राची कव्हरं घातली. मुलांनी ती पार चिंध्या होईतो वाचली. नोंदवहीत त्यांना जागा मिळेना, कारण त्यांना बिल नाही. शेवटी 'भेट' म्हणून चढवली. देणारा कोण, या रकान्यात मॅडमनी 'प्रिंटर' लिहिलं.

ग्रंथालय चालवायचं कसं, हे शिकवणाऱ्या जागा आहेत. टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचा ग्रंथालय शिक्षकांसाठीचा अभ्यासक्रम आहे. गोव्यात बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांच्या वाचनालयांवर काम करते आहे. तिथे शिकलेली माणसं पुस्तक दाखवतात कसं, मोठ्यानं वाचतात कसं, मुलांशी पुस्तकावर बोलतात कसं, हे एकदा तरी बघावं. आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शिक्षकाला तिथवर जाता येणार नाही. सतरंजीवरची बैठक मात्र प्रत्येक शाळेला परवडते.

तेव्हा मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. पुढची पेटी आली की नोंदी झाल्यावर पुस्तकं लगेच कपाटात टाकू नका. निदान दोन दिवस टेबलावर राहू द्या, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना तासभर वाचत बसू द्या. त्या तासाचा अहवाल मागू नका. वाढदिवसाला, स्मृतिदिनाला शाळेला पुस्तकं देणाऱ्यांना एवढंच सांगणं की घरातली रद्दी किंवा स्वस्तातला संच देण्याआधी शाळेला फोन करा आणि यादी मागा. यादीत एकाच पुस्तकाच्या पाच प्रती असतील तर पाचही द्या.