डॉक्टरांच्या मनाचं काय होतं?

‘डॉक्टरांना काय, सवय असते!’ कॅन्सरच्या वॉर्डाबाहेर हे वाक्य हमखास कानी पडतं. ते निम्मं खरं आहे आणि ते निम्मं मेंदूत प्रत्यक्ष पाहता येतं, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

तैवान आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 साली काही जणांना अंगात सुया टोचल्याची दृश्यं दाखवली आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचा एमआरआय काढला. सामान्य माणसांच्या मेंदूत वेदनेची केंद्रं जागी झाली, जणू सुई त्यांनाच टोचली! ॲक्युपंक्चर करणाऱ्या डॉक्टरांच्या मेंदूत मात्र ती निवांत होती. तिथे कामाला लागला होता कपाळामागचा, भावनांना आवर घालणारा भाग. हात थरथरू नये म्हणून मेंदूनं आपणहून केलेली ही केवढी सोय!

पण सुईचं दुखणं क्षणाचं. केमोसाठी येणारा माणूस डॉक्टरला महिनोन्महिने भेटतो. रिपोर्टांच्या फायलीबरोबर मुलीचं लग्न, कर्जाचे हप्ते, बायकोची काळजी, सगळं टेबलापलीकडे पोचतं. तो गेला की काय होतं? कॅनडात संशोधक लीअत ग्रॅनेक यांनी 20 कर्करोगतज्ज्ञांना हेच विचारलं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रडू होतं, उडालेली झोप होती, ‘माझं काही चुकलं का?’ ही शंका होती. दुबळेपणा दिसेल म्हणून ते दुःख गिळलं जात होतं. मला सर्वांत हादरवून गेलं ते पुढचं. गिळलेलं दुःख पुढच्या रुग्णाच्या उपचारांत उतरतं. थांबायला हवं तिथे आणखी एक केमो द्यावीशी वाटते.

मग ही माणसं वर्षानुवर्षं टिकतात कशी? ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांच्या प्रयोगात एक धागा सापडतो. दुसऱ्याची वेदना नुसती अनुभवायला शिकवलं, तेव्हा लोकांचं मन खचलं. त्याच लोकांना नंतर त्या दुखणाऱ्याचं भलं चिंतायला शिकवलं, तर मेंदूतलं निराळंच जाळं जागं झालं आणि मनाला उभारी आली. समोरचं दुःख मात्र तसंच होतं!

असं भलं चिंतणं प्रत्यक्षात कसं दिसतं? टाटा मेमोरियलचे सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी 1986 साली वांद्र्यात शांती अवेदना सदन सुरू केलं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करणारं घर. आजार बरा होणार नाही हे ठरल्यावरही डॉक्टरला करण्यासारखं किती उरतं, हे तिथे दिसतं.

तुमच्या घरचं कुणी कॅन्सरनं गेलं असेल, तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा भेटून या. शेवटचे दिवस कसे गेले ते सांगा. घरी परतलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हे त्यांना अनेकदा कळतच नाही.