गोल्डफिशची पहिली टाकी

खांदेश्वरचा तलाव पनवेल-कामोठे भागातल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेला असेलच. इतरांनी आपल्या गावचे तळे डोळ्यांपुढे आणले तरी चालेल. तळे खोल असते त्याच्या कितीतरी पट ते पसरलेले असते. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो या पसरट पृष्ठभागातून, आणि माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही तेथूनच. आता पाळीव माशांच्या दुकानात जा. गोल्डफिश हवा म्हटले की बहुधा काचेचे गोल भांडे पुढे येते. ते घ्यावे का? वही-पेन्सिल घ्या, आपण हिशेबच करू.

समजा, भांड्याचा व्यास 25 सेंमी. आणि तोंड 15 सेंमी. रुंद आहे. अर्धे भरले, तर पाणी सुमारे 4 लिटर आणि पृष्ठभाग सुमारे 490 चौ. सेंमी. मासा मोकळेपणी पोहावा म्हणून तुम्ही ते तोंडापर्यंत भरता. पाणी जवळजवळ 8 लिटर होते खरे, पण पृष्ठभाग उरतो 177 चौ. सेंमी.! पाणी दुप्पट झाले आणि श्वास घ्यायची खिडकी जवळजवळ तिपटीने लहान झाली.

चौकोनी टाकीतही अशी फसगत होऊ शकते. 60×30×30 सेंमी. मापाची टाकी आडवी ठेवा. पृष्ठभाग 1800 चौ. सेंमी. तीच उभी केली तर 900. दोन्हींत पाणी तेच, 54 लिटर. म्हणून टाकी निवडताना उंचीला भुलू नये, लांबी-रुंदी पाहावी. हवेचा पंप लावला की काम भागते असे पुष्कळांना वाटते. पण पंपाचे बुडबुडे स्वतः फारसा प्राणवायू देत नाहीत. ते पाणी ढवळून खालचे पाणी वर आणतात. मुख्य देवघेव होते ती पृष्ठभागावरच.

आपल्याकडच्या उकाड्याचाही विचार हवा. 20 अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; 30 अंशांना साधारण 7.6. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, थंड पाणी मानवणारा मासा. लंडनमधल्या टाकीचे नियम नवी मुंबईच्या मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडायचे नाहीत.

मात्र अनेक मासे दगावतात ते प्राणवायूवाचून नव्हे, अमोनियाने. मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो, उरलेले अन्न कुजले की त्यात भर पडते, आणि गोल्डफिश तर भलता खादाड! पाणी स्वच्छ दिसते, पण विषारी झालेले असते. निसर्गात यावर तोडगा आहे तो जीवाणूंचा. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते माशाला बरेच सोसते. असे जीवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890च्या सुमारास वेगळे करून दाखवले. ते राहतात खडीवर, काचेवर आणि गाळणीच्या स्पंजावर. म्हणजे टाकी विकत घेताना आपण माशाबरोबर जीवाणूंचेही घर घेत असतो. नव्या टाकीत त्यांची वस्ती व्हायला चार-सहा आठवडे लागतात. टाकी, पाणी आणि मासा एकाच दिवशी घरी आणणे हीच सर्वांत मोठी चूक.

मग माप कोणते? शेपटी पंख्यासारखी पसरलेल्या जातीचे एक पिल्लू असेल, तर वर सांगितलेली 60 सेंमी.ची टाकी सुरुवातीला पुरेल. दोन मासे हवे असतील, तर 90×38×38 सेंमी.ची, सुमारे 130 लिटरची टाकी बघा. दुकानात बोटभर दिसणारा मासा 15 सेंमी.पर्यंत वाढतो, लांबट, एकेरी शेपटीचे कॉमेट तर त्याहून मोठे होतात. ते घरच्या टाकीसाठी न घेतलेलेच बरे. गोल्डफिश नीट जपला तर दहा-पंधरा वर्षे जगतो. तो डोईजड झाला म्हणून तलावात सोडू नका. परका मासा तेथील पाणवनस्पती आणि लहान जीव खातो, तळ उकरून पाणी गढूळ करतो.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हेही विसरू नका. 130 लिटरची टाकी भिंतीतल्या फळीवर ठेवायची नाही. भक्कम, सपाट टेबल हवे. जागा उन्हाची नको.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवा, किंवा मत्स्यपालनाच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे सांगितलेल्या मापाने घाला. गाळणी सुरू करून पहिले काही आठवडे टाकीत मासा न ठेवता चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहा. चाचणीच्या संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून वहीत आलेख काढा. आधी अमोनिया चढेल, तो उतरू लागताना नायट्राइट चढेल. खाद्य घालूनही दोन्ही रेषा शून्यावर राहिल्या, की मासा आणायला जा. पुढे दर आठवड्याला चौथाई पाणी बदला, आणि स्पंज धुवायचा तो या काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने जीवाणू मरतील आणि आलेख पुन्हा पहिल्यापासून काढावा लागेल.